गोठ्यात फोर-जी

कोकणात वाटणी झाली की सातबाऱ्यावर काय काय चढेल याचा नेम नाही. फणसाच्या एकाच झाडाला सात वारस असतात, विहिरीच्या पाण्यात चार आणे हिस्सा असतो, दुसऱ्याच्या आगरातून गुरं न्यायचा हक्क असतो. नोंद नसते ती फक्त रेंजची. आमच्या वाडीतले दोन भाऊ वेगळे झाले तेव्हा मोबाइल यायचा होता. थोरल्याने चिऱ्याचं जुनं घर पदरात पाडून घेतलं, धाकट्याला खालचा गोठा आणि त्याच्याभोवतीची पडीक जागा दिली आणि जिंकल्यासारखा झोपाळ्यावर जाऊन बसला. आज त्या घरात रेंज शून्य आहे आणि गोठ्याच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात, उकिरड्याला खेटून, फुल्ल आहे. थोरल्याला पुण्याच्या मुलाशी बोलायचं असलं की तो गडगा ओलांडून धाकट्याच्या हद्दीत येतो. दोघांत बोलणं नाही, कोर्टात तारखा चालू आहेत. तरी धाकट्याने या घुसखोरीला आजवर हरकत घेतलेली नाही. घेतली तर थोरल्याच्या घरातल्या बातम्या त्याला कळायच्या कशा?

रेंज अशी कोपऱ्यात जाऊन का बसते, याला कंपनी जितकी जबाबदार आहे तितकेच आमचे पूर्वजही. रत्नागिरी जिल्ह्यात वर जांभ्याचा उघडा सडा, मग उतार, आणि तळाशी पऱ्याकाठी किंवा खाडीकाठी माडापोफळीत दडलेलं गाव. पाणी जवळ हवं, वारा अंगावर नको, आणि समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांना घरं दिसायला नकोत, असा विचार करून त्यांनी ही जागा निवडली. टॉवर मात्र सड्यावर, जिथे रस्ता आहे आणि जिथे माणूस राहत नाही. जी वाडी चाच्यांना दिसली नाही ती टॉवरला तरी कुठून दिसणार?

त्यात लहरींचे स्वभाव वेगळे. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात, पण एका वेळी फार ओझं वाहत नाहीत. फाइव्ह-जीच्या ३५०० मेगाहर्ट्‌झवाल्या लहरी ढिगाने माल आणतात, पण तो दारात ठेवून निघून जातात. दीड फुटी चिऱ्याची भिंत, ती जून ते सप्टेंबर भिजलेली, वर ओल्या पानांची गर्दी. मे महिन्यात खिडकीपर्यंत येणारी रेंज जुलैत खळ्यापर्यंत येते आणि भिजून परत जाते.

ज्याला जगापासून तोडायचं त्याला रत्नागिरीस पाठवावं, हा इंग्रजांचा जुना शिरस्ता. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला त्यांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं, आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. सावरकरांना १९२४ ते १९३७ इथेच स्थानबद्ध केलं. दोन्ही वेळा संपर्क राहू नये हाच हेतू होता, आणि नकाशा समोर ठेवून बोट ठेवताना साहेबाचं बोट जराही हललं नसावं. आता थिबा राजवाड्यासमोर उभं राहून पर्यटक फोनवर थेट प्रक्षेपण करतात. शहरात तक्रार करण्यासारखं फार नाही. मारुती मंदिरला, एसटी स्टँडला फोनच्या डोक्यावर फाइव्ह-जी लिहून येतं. पण भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या बाजूला निघालं, की दोन वळणांत तो पाचाचा आकडा चारावर येतो, एखाद्या उतारावर टू-जीचं नुसतं ‘ई’ उरतं, आणि पुढे कंपनीचं नावसुद्धा पुसलं जातं.

हे सगळं गावाला ठाऊक असतं आणि गाव ते निमूट सोसतं. बिनसतं ते गणपतीत. ठाण्याचा भाचा येतो, बॅग पडवीत टाकतो, पाय धुवायच्या आधी खिशातून फोन काढतो आणि स्पीड टेस्ट लावतो. काटा थरथरतो, चारावर जाऊन थांबतो.

“मामा, चार येतोय फक्त.”

“चार काय?”

“एमबीपीएस. आमच्याकडे तीनशे येतात.”

मामा काही बोलत नाही. मामी ताटं मांडता मांडता विचारते, “तीनशे येतात तर एवढं करतोस काय रे त्याचं?” भाचा सांगू लागतो. निष्पन्न एवढंच होतं की तो जे मामा बघतो तेच बघतो, फक्त लवकर. एक चांगल्या दर्जाचा व्हिडिओ बघायला पाच-एक एमबीपीएस पुरतात. उरलेले दोनशे पंच्याण्णव ठाण्यात नुसते भिंतीवर आपटत असतात. वर हे एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. फाइल मोजायची मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. चाळीसचा वेग आहे म्हणून चाळीस एमबीची फाइल सेकंदात उतरेल अशी वाट बघणारा माणूस आठ सेकंद कंपनीला शिव्या देतो. हा आठाचा भागाकार कंपनीची जाहिरात कधी करून दाखवत नाही. आंब्याच्या पेटीत पाच डझन लिहून चार डझन भरले तर वाशीचा दलाल रत्नागिरीत येऊन भांडेल. इथे ना पेटी दिसते ना आंबा.

काटा चारावर थांबायला भाचा स्वतःच कारण असतो, हे त्याला कोणी सांगत नाही. टॉवरची ताकद ही तिथल्या सगळ्यांत वाटली जाते. फोर-जीच्या २० मेगाहर्ट्‌झच्या एका वाहिनीवर दोन-दोन अँटेना धरून कागदोपत्री १५० एमबीपीएस निघतात. प्रत्यक्षात जे निघतं ते त्या घटकेला फोन धरून बसलेल्या सगळ्यांचं. एरवी वाडीत आजी, मामा, मामी, शेजारचे दोन बागायतदार आणि वर्षातून दोनदा येणारा वायरमन. चतुर्थीच्या आदल्या रात्री गणपती स्पेशल गाड्या रिकाम्या होतात आणि कुलूप लागलेलं प्रत्येक घर उघडतं. टॉवर तोच, त्याला कोणी रजा देत नाही की जादा डबा जोडत नाही. संध्याकाळी सातला घरोघरी आरती सुरू होते आणि घरोघरी ती व्हिडिओ कॉलवर दुबईला, न्यू जर्सीला, निदान डोंबिवलीला दाखवायची असते.

अशी आरती मी जवळून पाहिलेली आहे. फोन पाटावर, तांब्याला टेकवून उभा. पडद्यावर दुबईची आत्या, हात जोडलेले, तोंड उघडं आणि ती तशीच थिजलेली. आम्ही दुसऱ्या आरतीत असताना ती एकदम हलते आणि पहिलीच्या टाळ्या वाजवू लागते. मृदंगवाला गोंधळतो, झांजवाला तिच्या तालावर जातो, मागची पोरं हसतात, आणि मामा डोळे मिटून, ठेका न सोडता, एका हाताने फोन उचलून खिडकीशी धरतो. मंत्रपुष्पांजलीला आत्या पुन्हा थिजते. आरती संपल्यावर ती फोनवर विचारते, “प्रसादाला काय होतं?” हा प्रश्न मात्र स्वच्छ ऐकू येतो.

गणपतीत वेग नसला तर गंमत होते. रेशनच्या दुकानात नसला तर जेवणाचा प्रश्न येतो. ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकवल्याशिवाय तांदूळ मिळत नाही. आमच्याकडचे अंगठे चिरे वाहून आणि जाळी ओढून गुळगुळीत झालेले, यंत्राला ते पटकन पटत नाहीत. पटले तर नेट जातं. नेट आलं तर सर्व्हर डाउन. दुकानदाराने यंत्राला लांब दोरी बांधली आहे आणि ते तो खिडकीच्या गजातून बाहेर धरतो. म्हातारी बाहेरच्या पायरीवर उभी राहून अंगठा वर करते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ती त्याला आशीर्वाद देते आहे. यंत्रातून किती माहिती जायची असते? काही केबी. त्यासाठी तीनशे काय, एक एमबीपीएससुद्धा लागत नाही. लागतं ते तिथे, त्या खिडकीत, त्या मिनिटाला. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर आहे. कंपनी वेग मोजते टॉवरखाली, नियामक मोजतो गाडीत बसून हमरस्त्यावर, आणि गिऱ्हाइकाला तो हवा असतो माजघरात.

गिऱ्हाईकही काही साधं नाही, हे मान्य केलं पाहिजे. माझ्या लहानपणी मुंबईला फोन लावायचा म्हणजे पोस्टात जाऊन ट्रंक कॉल नोंदवायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन वर्ग. लाइटनिंगची ऐपत कोणी गेल्याच्या बातमीपुरतीच. सकाळी नोंदवलेला कॉल दुपारी लागायचा, तोवर माणूस पोस्टाच्या बाकावर झोप काढायचा, आणि लागल्यावर इतक्या मोठ्याने बोलायचा की मुंबईला तारेची गरजच नसावी. कोणी तक्रार केल्याचं आठवत नाही. मग एसटीडीचे पिवळे बूथ आले, रात्री उशिरा पाव दराने बोलायला रांगा लागल्या. मग मोबाइल. २०१६ च्या आधी एक जीबी घेतला की अडीचशेच्या घरात पैसे जायचे आणि तो महिनाभर पुरवायचा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो उघडायचा की नाही यावर घरात चर्चा व्हायची. त्या वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं, गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर, आणि डेटाच्या भावाची पार दाणादाण उडाली. मग महिन्याचा एक जीबी जाऊन रोजचा दीड जीबी आला. १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्ह-जी आलं. वेग मोजणाऱ्या ऊकलाच्या जागतिक यादीत मोबाइल वेगात शंभराच्याही पलीकडे बसलेला भारत वर्षभरात पहिल्या पन्नासात जाऊन बसला. आणि पोस्टाच्या बाकावर अर्धा दिवस झोपू शकणारा तोच माणूस आता पडद्यावर ते चाक तीन सेकंद गोल गोल फिरलं की म्हणतो, “काय मेलं नेट आहे!” मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला दीड दशक देणारा हाच समाज. महामार्गाकडून त्याला अपेक्षाच उरलेली नाही, म्हणून तिथे तो शांत असतो. नेटने एकदा वेग दाखवला, ही नेटची चूक.

रोजच्या दीड जीबीने आमच्या घरात वेगळाच पेच आणला. कोकणातली बाई काहीही वाया जाऊ देत नाही. उरलेल्या आंब्याचं साठ होतं, फणसाची पोळी होते, रातांब्याची साल वाळून आमसूल होतं. पावसाळ्यासाठी सगळं डब्यात बंद. डेटा तेवढा वाळवता येत नाही. रात्री बाराला तो नासतो. दिवसभर रेंज नसल्याने तो उरलेला असतोच. मग साडेअकराला आजी गोठ्याच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसते आणि जे समोर येईल ते बघते. एका रात्री मी पाहिलं तर ती कोरियातल्या कुठल्याशा मुलीचं केस विंचरणं बघत होती. “आवडलं का?” म्हटलं. “आवडायचं काय त्यात? अजून तीनशे एमबी आहेत.”

रेंज नसण्याचेही काही फायदे आहेत, ते प्रामाणिकपणे नोंदवतो. कोकण रेल्वेवर उक्षी आणि भोके यांच्या दरम्यान करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. त्यात गाडी शिरली की अख्खा डबा एकमेकांकडे बघू लागतो, कोणी डबा उघडतो, कोणी पोराला गृहपाठ विचारतो. पण या बोगद्याची खरी कामगिरी गाडीबाहेरची आहे. वसुलीवाल्याचा फोन असो, लग्नाचं स्थळ घेऊन आलेल्या काकूंचा असो, “हॅलो... हॅलो... बोगदा आला हां...” म्हटलं की सुटका. आमचे एक शेजारी हे वाक्य स्वतःच्या पडवीत बसून, शहाळं पिता पिता म्हणतात. पलीकडच्याला ते पटतं. रत्नागिरीचा माणूस कुठेही असला तरी रेंजच्या बाबतीत तो बोगद्यातच असणार, हे सगळ्या महाराष्ट्राने मनोमन मान्य केलं आहे.

सरकारनेही हातपाय हलवलेत. ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान ५१२ केबीपीएस पुरत होते, ते २०२३ च्या सुरुवातीला २ एमबीपीएस केले. दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. त्यात कंपन्यांनी कुठे टू-जी, कुठे फोर-जी, कुठे फाइव्ह-जी आहे याचे नकाशे आपापल्या संकेतस्थळावर लावावेत असं आलं. आमच्या थोरल्याच्या पुण्याच्या मुलाने तो नकाशा मोठा करून करून बघितला. अख्खी वाडी रंगवलेली. घर, गोठा, पऱ्या, मसणवट, सगळीकडे फोर-जी. नकाशा वरून पाहिला तर खोटा नाहीच. घराच्या कौलांवर रेंज असतेही. आम्ही कौलांखाली राहतो, ही आमची अडचण.

त्याच नियमांत भरपाईचंही कलम आहे. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त ठप्प झाली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदत वाढवून. गावात हे कलम वाचून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा आनंद झाला, मग कोणीतरी ‘जिल्हा’ या शब्दावर बोट ठेवलं. म्हणजे मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके एकदम बंद पडले पाहिजेत. रत्नागिरी जिल्ह्यात नऊ तालुक्यांचं एकमत कधी झालंय? आमची वाडी चार दिवस बंद राहिली तरी दापोलीचा कोणीतरी रील बघत असणार आणि आमची भरपाई बुडवणार.

तक्रार करता येते. तिला फोन लागतो, फोनला रेंज लागते, म्हणजे गोठ्यात जाऊन घरात रेंज नाही असं सांगावं लागतं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणते, “सर, आमच्या सिस्टीमवर तुमचं नेटवर्क चांगलं दाखवतंय.” दाखवणारच, म्हैस माझ्या खांद्यावरून डोकावत होती, तिलाही चांगलं दिसत होतं. तक्रार क्रमांक मिळाला. पुढे एकदा कोपऱ्यात गेलो असताना सगळे अडकलेले संदेश एकदम पडले, त्यात एक होता: आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. वाचणाऱ्याला आपलीच वाटेल.

या सगळ्यात हसू विरतं ते वादळाला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. दापोली-मंडणगडच्या पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या, जनरेटरला डिझेल पोचेना. इकडे रत्नागिरीत मिऱ्याच्या किनाऱ्यावर बसरा स्टार नावाचं जहाज येऊन रुतलं, त्याचे फोटो देशभर फिरले. पण मंडणगडच्या आतल्या गावातली आई सुखरूप आहे का, हे नालासोपाऱ्यातल्या मुलाला कळेना. टाळेबंदी होती, निघून जायचीही सोय नाही. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, जुलैत २२ तारखेला चिपळूणला वाशिष्ठी नदी घरात शिरली. त्या वेळी कोणी एमबीपीएस विचारले नाहीत. “हॅलो” एवढं पोचलं तरी लोक रडत होते. तोच काळ पोरांच्या ऑनलाइन शाळेचा. सड्यावर, करवंदीच्या जाळीशेजारी, छत्रीखाली सातवीचा वर्ग भरलेला तेव्हा सगळ्या कोकणाने पाहिला. त्या पोरांना दिवसभरात दोन तास मिळाले तर ती खाली गावात येऊन “आज नेट फास्ट होतं” म्हणायची. फास्ट म्हणजे बाई दिसल्या.

वादळासाठी आता एक चांगली सोय झाली आहे, तिचं नाव इंट्रा सर्कल रोमिंग. आपल्या कंपनीचा टॉवर झोपला तर फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून चालतो. २०२३ मध्ये गुजरातेत बिपरजॉयच्या वेळी आणि २०२४ मध्ये ओडिशात दानाच्या वेळी ती उघडली होती. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरांपुरती ती जानेवारी २०२५ पासून एरवीही सुरू झाली. आमच्या सड्यावरचा टॉवर त्या निधीतला नाही. ही बातमी नाक्यावरच्या टपरीवर गुरुजींनी पेपरातून वाचून दाखवली. अण्णांनी बशीतला चहा फुंकून पुरा संपवला आणि मग तोंड उघडलं.

“म्हणजे वादळ आलं की हे सगळे एका टॉवरावर नांदतात?”

“नांदतात.”

“आणि वादळ गेलं की पुन्हा आपापलं वेगळं बिऱ्हाड?”

“तसंच.”

“मग आमच्याकडे जून ते सप्टेंबर वादळच असतं म्हणून कळवा की वर. तुम्ही शिकलेले आहात.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पेपर पुन्हा एकदा खालपर्यंत वाचला.

“कळवतो. पण अर्ज ऑनलाइन आहे.”